दुकान हलवा, पण पत्ता सांगून!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र कामाचा आहे.

आपल्या सेवाग्रामचं जुनं नाव सेगाव. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. त्यांची पत्रं मात्र बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊ लागली. शेवटी १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम ठेवलं. ही गोष्ट मला शाळेपासून माहीत होती. तरी मी तीच गडबड केली!

माझे मामा समुद्रपूर तालुक्यात वायगाव हळद पिकवतात आणि वेबसाइटवर विकतात. या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांचं ऑनलाइन दुकान वर्डप्रेसच्या वूकॉमर्सवर होतं. होस्टिंग, अपडेट यांना मामा कंटाळले, म्हणून होळीच्या सुट्टीत मी ते शॉपिफायवर हलवलं. डोमेन तेच, फोटो तेच, दिसायला एकदम झकास. मी खूश!

दोन आठवड्यांनी मामांचा फोन. "काहून पोरी, ऑर्डरच येऊन नाही राहिल्या? नवी हळद घरात पडून आहे."

मी गूगलवर शोधलं. आमची पानं अजून दिसत होती, पण क्लिक केलं की "पान सापडले नाही", म्हणजे ४०४. कारण कळलं तेव्हा डोक्याला हात लावला. वूकॉमर्समध्ये मालाच्या पत्त्यात साधारणपणे "प्रॉडक्ट" हा शब्द येतो, शॉपिफायमध्ये "प्रॉडक्ट्स". एका एसचा फरक! से आणि शे सारखाच.

गूगल दुकानाला नाही, प्रत्येक पानाच्या पत्त्याला ओळखतो. वर्षानुवर्षं लोकांनी दिलेल्या लिंक्स आणि मिळवलेला क्रमांक त्या पत्त्याशी जोडलेला असतो. पत्ता बदलला आणि सांगितलं नाही, तर नवं पान त्याच्यासाठी अनोळखी. आपण घर बदललं की पोस्टात अर्ज देतो, मग पत्रं नव्या घरी वळवतात. इंटरनेटवरच्या या अर्जाला ३०१ रिडायरेक्ट म्हणतात. ३०१ म्हणजे कायमचा मुक्काम हलला. ३०२ म्हणजे तात्पुरता, तो इथे कामाचा नाही.

मी चुकून शिकले, तुम्ही वाचून शिका:

१. हलवण्याआधी जुन्या सगळ्या पत्त्यांची यादी करा. सर्च कन्सोलमध्ये बघा, लोक नेमके कोणत्या पानावर येतात.

२. प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर त्याच मालाचा नवा पत्ता लिहा आणि ही यादी रिडायरेक्ट म्हणून चढवा. सगळं मुखपृष्ठावर वळवू नका. हळद मागणाऱ्याला दुकानाच्या दारात उभं केलं तर तो परत जातो, आणि गूगलही अशा पानाला बरेचदा ४०४ च समजतो.

३. जुन्यावरून थेट नव्यावर न्या. मध्ये तीन-चार थांबे नकोत.

४. शीर्षकं, वर्णनं, मजकूर सोबत न्या. नव्या साइटचा साइटमॅप सर्च कन्सोलमध्ये द्या.

५. काम चालू असताना गूगलला अडवलं असेल, तर उद्घाटनाच्या दिवशी ती अडवणूक काढा.

६. रिडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा, असं गूगलच सांगतं. जास्त ठेवलेत तर उत्तम.

७. सीझनमध्ये हलवू नका. सगळं बरोबर केलं तरी काही आठवडे क्रमांक वरखाली होतातच.

पहिली पायरी करताना मला आणखी एक धक्का बसला. सर्वांत जास्त लोक ज्या पानावर येत होते, ते हळदीचं नव्हतंच! "भेसळ कशी ओळखावी" हा मामांनी मोडक्यातोडक्या भाषेत लिहिलेला लेख होता, आणि मी तो "बोरिंग" म्हणून सोडून दिला होता. मग तो जशाच्या तसा परत टाकला, एक शब्दही सुधारला नाही.

यादी चढवायला एक रात्र लागली. पानं जागेवर यायला दीड महिना गेला. तोपर्यंत मामांनी बरीच हळद व्यापाऱ्याला कमी भावात देऊन टाकली होती. ते मला एका शब्दानंही बोलले नाहीत, उलट जाताना अर्धा किलो हळद पिशवीत टाकली. म्हणून हा लेख लिहिला. तुमच्याही घरी कोणी तुमच्या भरवशावर दुकान सोपवेल, तेव्हा आधी यादी करा.