छोट्या गावातली प्रेमकथा : मिटफर्डची आणि बेथलेहेमची



आजचा वाचनभाग : रूथ, अध्याय 2. वेळ असेल तर पूर्ण पुस्तक वाचा. चार अध्याय, 85 वचनं. कंपनीच्या बसमध्ये एका फेरीत वाचून होतं.

आजचा विषय नेहमीपेक्षा जरा वेगळा आहे. तरुण संघातल्या मुली (आणि हळू आवाजात एखाद-दोन मुलंसुद्धा) विचारत असतात, "ताई, त्या छोट्या गावातल्या ख्रिस्ती प्रेमकथा वाचल्या तर चालतं का? की तेवढ्या वेळात शास्त्र वाचावं?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या आत दुसरा प्रश्न लपलेला असतो. ज्या गोष्टीने मन हलकं होतं, ती देवासमोर ठेवता येते का? आणि तिशी उलटली तरी लग्न झालेलं नाही, अशा माणसाने प्रेमकथा वाचून स्वतःलाच त्रास का करून घ्यायचा?

मी चौतीस वर्षांची आहे, अविवाहित आहे आणि या कादंबऱ्या आवडीने वाचते. म्हणून हे मनन थोडं माझ्यासाठीही आहे.

या गोष्टी असतात तरी कशा?

ज्यांनी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जॅन कॅरन नावाच्या अमेरिकन लेखिकेने जाहिरात क्षेत्रातलं चांगलं करिअर सोडलं आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लोइंग रॉक या डोंगरातल्या छोट्या गावी राहायला गेल्या. तिथल्या स्थानिक वर्तमानपत्रात त्या एक गोष्ट क्रमशः लिहू लागल्या. तिचंच पुढे 1994 साली 'ॲट होम इन मिटफर्ड' हे पुस्तक झालं. मिटफर्ड हे काल्पनिक गाव. तिथले पाळक फादर टिम साठीच्या घरातले, अविवाहित, मधुमेहाने बेजार. एक भलामोठा कुत्रा त्यांच्या गळ्यात पडतो, आणि तो शास्त्रवचन ऐकलं की शांत होतो! मग शेजारच्या घरात सिंथिया राहायला येते. ती लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं करणारी. पुढे काय होतं ते सांगत नाही. एवढंच सांगते, की घाई कोणालाच नसते.

दुसरं उदाहरण कॅनडाच्या जॅनेट ओक यांचं, 'लव्ह कम्स सॉफ्टली', 1979. मार्टी नावाची तरुण बाई नवऱ्याबरोबर पश्चिमेच्या माळरानावर येते आणि तिथे नवरा अपघातात जातो. क्लार्क नावाचा विधुर तिला लग्नाचं विचारतो, तेही प्रेमापोटी नाही. त्याच्या लहान मुलीला आई हवी असते आणि मार्टीला हिवाळ्यात डोक्यावर छप्पर. वसंतात परत जावंसं वाटलं तर भाड्याचे पैसे देईन, असा शब्दही तो देतो. प्रेम नंतर येतं, रोजच्या कामातून, हळूहळू. सुरुवात दुःखाची असली तरी पुस्तक मिटताना मन हलकं होतं. हे पुस्तक इतकं चाललं की तिकडे ख्रिस्ती प्रकाशकांनी अशा कथांकडे गंभीरपणे बघायला सुरुवात केली. 1997 मध्ये तर हार्लेक्विनसारख्या प्रेमकथांच्या मोठ्या प्रकाशनाने 'लव्ह इन्स्पायर्ड' ही खास ख्रिस्ती मालिकाच काढली.

या पुस्तकांत एक बेकरी असते, एक चर्च असतं, सगळ्यांची लग्नं जुळवायला निघालेली एखादी मावशी असते आणि शेवट गोड असतो. हे आधीच माहीत असतं, तरीही आपण वाचतो.

बेथलेहेमचं गाव

आता रूथ उघडा. पहिल्याच वचनात काळ सांगितला आहे : शास्त्यांचे दिवस. हे दिवस कसे होते ते शास्ते पुस्तकाच्या शेवटच्या तीन अध्यायांत दिसतं. हिंसा, सूड, जो तो आपल्याच मनाचा राजा. आपल्या बायबलमध्ये त्या अंधाऱ्या पानांनंतर लगेच काय येतं? एक छोटं गाव, सातूची कापणी, एक विधवा सून, तिची सासू आणि एक भला शेतकरी.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. देश विस्कटलेला असताना पवित्र आत्म्याने एका शेतातली गोष्ट जपून ठेवली. म्हणजे 'हलकं' आणि 'उथळ' हे दोन वेगळे शब्द आहेत. कठीण काळातही कुठेतरी माणसं एकमेकांशी नीट वागत होती, हे सांगणारी गोष्ट हलकी असेल, पण उथळ नसते.

आणि रूथमध्ये या कादंबऱ्यांतलं जवळजवळ सगळं सापडतं. रूथ सरवा वेचायला जाते आणि 'योगायोगाने' नेमकी बवाजाच्या शेतात पोहोचते (2:3). लेखक इथे गालातल्या गालात हसत असणार. बवाज येतो, मजुरांना देवाच्या नावाने नमस्कार करतो आणि लगेच विचारतो, ही मुलगी कोणाची (2:5)? जेवणाच्या वेळी तो तिला जवळ बोलावतो, भाजलेलं धान्य देतो. आपल्याकडे वाचताना हुरड्याची आठवण येतेच. नामी सासू असूनही लग्न जुळवणारी मावशी होते. मध्येच आणखी जवळचा एक नातलग निघतो आणि गोष्ट अडते. मग गावाच्या वेशीत दहा वडीलधाऱ्यांसमोर निकाल लागतो, तोही जोडा काढून देऊन!

तेव्हा "चालतं का?" या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे : ज्या शास्त्रात रूथ आहे, त्या शास्त्राला छोट्या गावातली गोड गोष्ट परकी नाही. मोकळेपणाने वाचा, आनंद घ्या, देवाचे आभार माना. पण रूथकडून वाचायलाही शिका. मला तीन गोष्टी दिसतात.

1. प्रेम आधी इतरांशी वागण्यात दिसतं

बवाज रूथकडे का ओढला जातो? तिच्या रूपाबद्दल पुस्तकात एक शब्दही नाही. तो म्हणतो, नवरा गेल्यावर तू सासूसाठी काय केलंस ते मला कळलं आहे (2:11). पुढे म्हणतो, तू सद्गुणी स्त्री आहेस हे सगळ्या गावाला माहीत आहे (3:11). आणि बवाज कसा आहे हे आपल्याला कशावरून कळतं? मजुरांशी तो कसा बोलतो, परक्या बाईला कोणी त्रास देऊ नये म्हणून काय हुकूम सोडतो, यावरून. ती उचलेल म्हणून पेंढ्यांतून मुद्दाम कणसं गळू द्या, असं तो सांगतो, आणि तिला न कळता (2:16).

छोट्या गावाच्या गोष्टीची हीच जादू आहे. तिथे माणूस दुकानदाराशी, म्हाताऱ्या शेजारणीशी, अनाथ पोराशी कसा वागतो हे सगळ्यांना दिसतं. ॲपवरच्या प्रोफाइलमध्ये हे दिसत नाही. तिथे उंची, पगार आणि पाच फोटो असतात. लग्नाचं बघत असाल तर कांदेपोह्यांच्या वेळी हा प्रश्न मनात ठेवा : ज्यांच्याकडून काहीच मिळणार नाही अशा लोकांशी ही व्यक्ती कशी वागते? आणि मी कशी वागते?

2. गोडवा फुकट येत नाही

गरिबांसाठी शेताच्या कडा सोडा, सरवा वेचू नका, असा नियम देवाने आधीच दिला होता (लेवीय 19:9-10). बवाज नियमाच्या पुढे गेला. त्या संध्याकाळी रूथने घरी नेलेले सातू एक एफा भरले. म्हणजे साधारण 22 लिटर! एका दिवसाच्या सरव्याला इतकं धान्य मिळत नाही. कोणीतरी आपल्या हिश्श्यातून ते सोडलं होतं.

शेवटी वेशीतला तो जवळचा नातलग मागे का हटला? रूथशी लग्न केलं तर आपल्या वतनाचं नुकसान होईल, म्हणून (4:6). त्याने हिशेब केला, आणि हिशेब चुकीचा नव्हता. बवाजानेही तोच हिशेब पाहिला आणि तरी हो म्हटलं. इब्री भाषेत या प्रेमाला 'हेसेद' असा शब्द आहे. करारातली निष्ठा आणि दया, दोन्ही त्यात येतं. या चार अध्यायांत तो तीनदा येतो.

काही कादंबऱ्या इथे घसरतात. त्यांत सगळं इतकं सहज जमतं की कोणालाच काही सोडावं लागत नाही. अशी पुस्तकं वाचून झाल्यावर मला खऱ्या माणसांचा कंटाळा येऊ लागतो : आई तेच तेच बोलते, सहकारी चिडचिड करतो, मंडळीतल्या काकू लग्नाचं विचारतात. चांगलं पुस्तक वाचून झालं की मात्र त्याच काकूंसाठी चहा टाकावासा वाटतो. हीच माझी चाचणी आहे. पुस्तक मिटल्यावर मी माझ्या माणसांकडे परत जाते की त्यांच्यापासून पळते?

3. गोष्ट लग्नावर संपत नाही

रूथचं लग्न 4:13 मध्ये एका वचनात उरकतं! मग पुढची वचनं कोणाबद्दल आहेत? नामीबद्दल. गावच्या बायका जमतात, बाळ नामीच्या मांडीवर येतं, शेजारणी त्याचं नाव ओबेद ठेवतात. सात मुलांपेक्षा ही सून तुला अधिक आहे, असं त्या म्हणतात. पहिल्या अध्यायात नामी म्हणाली होती की मी भरलेली गेले आणि देवाने मला रिकामी परत आणलं (1:21). तेव्हाही ती याच बायकांशी बोलत होती. तिसऱ्या अध्यायात बवाज सहा मापं सातू देऊन रूथला सांगतो, सासूकडे रिकाम्या हाताने जाऊ नको (3:17). सगळं पुस्तक त्या एका 'रिकामी' शब्दाला उत्तर देत चाललं आहे.

माझ्यासारख्यांनी इथे थांबायला हवं. नामीला दुसरा नवरा मिळाला नाही. देवाने तिला भरलं ते सुनेच्या निष्ठेने, शेजारणींनी आणि दुसऱ्याच्या बाळाने. शास्त्र मला नवऱ्याचं वचन देत नाही, आणि कोणी तसं वचन देत असेल तर सांभाळून ऐका. पण देव आपल्या लोकांना रिकामं सोडत नाही हे वचन आहे, आणि तो बहुतेक वेळा माणसांच्या हातून भरतो. म्हणून आपली मंडळी वेशीतल्या त्या बायकांसारखी आहे का, हा प्रश्न अविवाहितांपेक्षा मंडळीलाच जास्त विचारायला हवा. ज्या फ्लॅटमध्ये मी पाच वर्षं राहते, तिथल्या समोरच्या दारामागच्या आजींचं नाव मला माहीत असणं, ही आध्यात्मिक गोष्ट आहे.

ओबेदाचा मुलगा इशाय, त्याचा दावीद, आणि पुढे मत्तयाच्या वंशावळीत रूथचं नाव थेट आपल्या प्रभूच्या घराण्यात येतं (मत्तय 1:5). परकी मवाबी विधवा! गावाने तिला आत घेतलं, म्हणून.

आपल्याकडची एक आठवण

ख्रिस्ती कादंबरी हा फक्त अमेरिकेचा प्रकार नाही. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857 सालची, आणि पहिली मराठी कादंबरी म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. तिचा विषय काय? आपल्या समाजातल्या विधवांचे हाल. ती हलकीफुलकी अजिबात नाही. पण नामी आणि रूथ ज्या प्रश्नात उभ्या होत्या, तोच प्रश्न एका मराठी ख्रिस्ती माणसाने गोष्टीतून मांडला. मिटफर्ड वाचणाऱ्यांनी एकदा यमुनेबरोबरही फिरून यावं. आणि तुमच्यापैकी कोणी अहिल्यानगर, जालना किंवा वसईकडच्या एखाद्या गावातली हसरी ख्रिस्ती प्रेमकथा मराठीत लिहिणार असेल, तर पहिली वाचक मी!

या आठवड्यासाठी

एक : रूथचे चारही अध्याय एका बैठकीत वाचा, कादंबरी वाचतो तसे.

दोन : सध्या वाचत असलेल्या पुस्तकात कोण कोणासाठी काय सोडतं ते शोधा. कोणीच काही सोडत नसेल, तर गोड खाऊ म्हणून खा, जेवण समजू नका.

तीन : तुमच्या शेतातली थोडी कणसं मुद्दाम गळू द्या. शनिवारचा एक तास, एक डबा, एक फोन. कोणाला, ते तुम्हाला माहीत आहे.

प्रार्थना

प्रभू, हसू देणारा तूच आहेस. थकलेल्या दिवसाच्या शेवटी मिळणाऱ्या साध्या गोष्टींसाठी तुझे आभार. ज्यांची वाट बघणं लांबलं आहे त्यांना रिकामं राहू देऊ नकोस. आम्हाला बवाजासारखे मोकळे हात दे, रूथसारखी निष्ठा दे, आणि आमच्या मंडळीला त्या शेजारणींसारखं कर. येशूच्या नावात मागतो. आमेन.