माकुल ओळखूया, माकुल जपूया

भगिनींनो, रेवदंड्याच्या किनाऱ्यावर पांढरा, हलका, होडीच्या आकाराचा तुकडा सापडतो. तोच समुद्रफेन. नाव फेन असलं तरी तो फेस नव्हे, माकुलाच्या पाठीतलं कवच आहे. त्यातल्या बारीक कप्प्यांत हवा असते, म्हणून माकुल पाण्यात तरंगू शकतं.

ओळख : बाजारात दोन प्राण्यांना आपण माकुलच म्हणतो. एक लांब, नळीसारखं. त्याच्या पोटात काचेसारखी पातळ पट्टी निघते. दुसरं रुंद, चपटं. त्याच्या कडेने झालर असते आणि पाठीत समुद्रफेन. आजचा धडा या दुसऱ्याचा. दोघांनाही ८ हात आणि भक्ष्य पकडायला २ लांब सोंडा असतात. चपट्या माकुलाची ३ हृदयं, रक्त निळसर. ते क्षणात रंग बदलतं आणि घाबरलं की शाई सोडतं.

राहणी : अरबी समुद्रातली मोठी जात म्हणजे सेपिया फेरोनिस. वाळू-चिखलाच्या तळाजवळ राहते, कोळंबी, खेकडे, लहान मासे खाते. मादी दगडाला, काडीला, दोरीला अंडी चिकटवते. आयुष्य साधारण वर्षाचं. अंडी घातली की मादी मरते.

मासेमारी : माकुल मुख्यतः ट्रॉलरच्या जाळ्यात येतं, काही ठिकाणी गळानेही धरतात. कर्नाटकच्या किनाऱ्यावर नारळाचे झाप, काथ्या समुद्रात सोडून त्याभोवती जमणारी माकुलं पकडली जायची. तिथे येणाऱ्या बऱ्याच माद्या अंडी घालायलाच आलेल्या! आई गेली की पुढच्या वर्षाचं पीकही गेलं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, ती यासाठीच पाळायची.

विकताना :
- माल बंदरावरच बर्फात ठेवा. बर्फ थेट लागू देऊ नका, आधी स्वच्छ पिशवीत भरा. गोड्या पाण्याने मांस फुगतं, रंग उतरतो.
- शाईची पिशवी न फोडता काढा. मांस काळं झालं की भाव पडतो.
- समुद्रफेन फेकू नका. धुऊन, वाळवून ठेवा. पक्षी पाळणारे आणि औषधांचे व्यापारी घेतात.
- अगदी लहान माकुल लिलावात घेऊ नका. गिऱ्हाईक नसलं, तर पकडायचं कोण?

गटात बोला : तुमच्या टोपलीत आज आलेलं सर्वात लहान माकुल केवढं होतं? दहा वर्षांपूर्वी केवढं असायचं? वडीलधाऱ्या बायांना विचारा, वहीत लिहा, पुढच्या बैठकीत वाचा.