पोटाच्या कर्करोगातील प्रथिनखुणा : रक्ततपासणी काय सांगते, काय सांगत नाही

पेडगाव परिसरातील गावांत आरोग्य शिबिरे भरवून ‘कर्करोगाची रक्ततपासणी’ विनामूल्य करून द्यावी, अशी सूचना काही देणगीदारांनी आमच्याकडे केली आहे. सूचनेमागील कळकळ मोलाची आहे. तथापि न्यासाच्या निधीचा विनियोग करण्यापूर्वी या तपासणीची शास्त्रीय बाजू सर्वांसमोर ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

रोगाची वाटचाल

कर्करोग एका दिवसात होत नाही. मोठ्या आतड्याच्या अस्तरावर प्रथम लहान मांसांकुर, म्हणजे पॉलिप, उगवतो. सर्वच पॉलिप घातक नसतात. परंतु ज्याचा कर्करोग होतो त्यास बहुधा दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. पेशींच्या वाढीस लगाम घालणारे एपीसी हे प्रथिन बहुधा आरंभीच निकामी होते. १९७९ साली शोध लागलेले पी५३ हे रक्षक प्रथिन पुढच्या टप्प्यात बिघडते. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे वर्षानुवर्षे राहणारा दाह हे कर्करोगाचे एक प्रमुख कारण आहे. या जंतूच्या शोधाबद्दल डॉ. मार्शल व डॉ. वॉरेन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे प्रथिनबदल मुख्यत्वे दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीतच दिसतात.

रक्तातील खूण

रक्तात मोजले जाणारे ‘सीईए’ हे प्रथिन १९६५ साली कॅनडातील डॉ. गोल्ड व डॉ. फ्रीडमन यांनी शोधले. परंतु ते धूम्रपानाने, यकृताच्या विकाराने व आतड्याच्या दाहानेही वाढते. उलट आरंभीच्या कर्करोगात ते पुष्कळदा वाढतच नाही.

केवळ हिशेब समजावा म्हणून काही आकडे धरू. लक्षणे नसलेल्या १००० व्यक्तींत ५ जणांना आतड्याचा कर्करोग आहे. तपासणी रोग्यांपैकी ४० टक्के ओळखते आणि निरोग्यांपैकी १० टक्क्यांना खोटा इशारा देते. म्हणजे २ रोगी सापडतील, ३ सुटतील आणि सुमारे १०० निरोगी माणसे विनाकारण धास्तावतील. सुटलेले तिघे तर अहवाल ‘नॉर्मल’ म्हणून निश्चिंत राहतील. हा तोटा कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही.

खरा उपयोग

निदान झाल्यावर मात्र याच खुणा मोलाच्या ठरतात. शस्त्रक्रियेपूर्वी वाढलेले सीईए रोग पूर्ण निघाल्यास काही आठवड्यांत उतरते. पुढे पुन्हा चढू लागले तर रोग परतल्याचा तो इशारा असू शकतो. जठराच्या गाठीत ‘हर-टू’ प्रथिन अधिक आढळल्यास ट्रास्टुझुमॅब हे औषध उपयोगी पडू शकते. आतड्याच्या गाठीत जनुकदुरुस्तीची प्रथिने नसल्यास रोग आनुवंशिक असण्याची शक्यता तपासावी लागते. तसे ठरल्यास भावंडांची व मुलांचीही वेळीच तपासणी करता येते.

आमची शिफारस

शिबिरासाठी अधिक उपयुक्त प्रथिन साधेच आहे : शौचातील हिमोग्लोबिन. शौचातील न दिसणारे रक्त शोधणारी तपासणी आणि ती सदोष आल्यास दुर्बीण तपासणी, हा मार्ग अधिक विश्वासार्ह आहे. पॉलिप वेळीच काढला तर कर्करोग टळूही शकतो. म्हणून देणगी सरसकट रक्ततपासणीऐवजी शौचतपासणी, दुर्बीण तपासणी आणि गरजू रुग्णांच्या प्रवासखर्चासाठी द्यावी, अशी आमची विनंती आहे. पेडगावहून छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय किंवा १९४१ साली सुरू झालेले मुंबईचे टाटा रुग्णालय गाठताना अनेक कुटुंबांना तिकिटाचे पैसेही जड जातात.

रुग्णांच्या नातेवाइकांनीही ध्यानी ठेवावे : शौचातून रक्त पडणे मूळव्याधच असेल असे गृहीत धरू नये. शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, अकारण घटणारे वजन, पंडुरोग किंवा गिळताना अडथळा, यांपैकी काहीही आढळल्यास रक्ताचा अहवाल चांगला असला तरी डॉक्टरांना दाखवावे.