विमानाची बॅटरी चार्जिंगला लावताना

आबांचा नातू तालुक्याला हॉस्टेलवर राहून शिकतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तेव्हा त्याच्या हातात एक विमान होते. थर्माकोलचे, हातभर लांब. पुढे पंखा, त्यामागे मोटर आणि पोटात बॅटरी. हातातल्या पेटीवरची दांडी हलवली की विमान माळावर घारीसारखे फिरे. अर्धे गाव बघायला जमले. दहा मिनिटांत बॅटरी उतरली आणि विमान ज्वारीत जाऊन पडले.

नातू म्हणाला, "आबा, चार्जर हॉस्टेलवर राहिला. तुमच्या फवारणी पंपाचा द्या की. त्यो बी बाराचाच हाय. वायर तोडून जोडतो."

आबा रात्रीच्या वर्गाला जात. अक्षरे अजून अडखळत, पण आकडे पक्के झाले होते, इंग्रजीसुद्धा. त्यांनी चष्मा लावला. पंपाच्या चार्जरवर १४.४ लिहिलेले होते. विमानाच्या बॅटरीवर ११.१.

"पोरा, आकडे जुळत न्हाईत. थांब जरा."

नातू थांबला म्हणून पुढचे टळले. काय टळले, ते पाहू.

विमानातली बॅटरी लिथियमची असते. मोबाइलमध्येही लिथियमच असते. अशा बॅटऱ्या बाजारात पहिल्यांदा १९९१ साली आल्या. वजनाला हलक्या, ताकद मोठी, म्हणून विमानाला सोयीच्या. आत एकामागे एक जोडलेले सेल असतात. आबांच्या नातवाच्या बॅटरीत तीन होते. लिथियमचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट होतो. तीन सेल म्हणजे १२.६ व्होल्ट. इथे थांबायचे. यापुढे एक पायरीही नाही.

पंपाची बॅटरी शिशाची. तिच्यात सहा सेल असतात. १४.४ व्होल्ट सहा जणांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला २.४ येतात. शिशाच्या सेलला तेवढे सोसते. तेच १४.४ लिथियमच्या तिघांत वाटा. एकेकाला ४.८! घागर भरून वाहू लागली तर पाणी ओट्यावर सांडते, एवढेच. लिथियमचा सेल सांडत नाही. तो तापतो, आत वायू धरून फुगतो आणि फुटून पेट घेतो. त्याच्या आतला द्रव पेट घेणारा असतो. म्हणून "दोन्ही बाराचेच" हे बोलणे कामाचे नाही. लिथियमला लिथियमचाच चार्जर लागतो.

आता वायरींकडे वळू. बहुतेक घोटाळे इथेच होतात.

बॅटरीतून दोन जाड वायरी निघतात, एक लाल आणि एक काळी. शिवाय बारीक वायरींचा एक झुपका असतो. तीन सेलच्या बॅटरीला या बारीक वायरी चार असतात. कोणाला वाटते, या फालतू आहेत. तसे नाही. यांच्यातून चार्जर प्रत्येक सेलकडे वेगळे बघतो. एक सेल पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला तर त्यांना बरोबरीला आणतो. म्हणून चार्जिंगच्या वेळी हा झुपकाही चार्जरला लावायचा.

घरातल्या विजेला बटण असते. बटण बंद केले की वायर मेली. बॅटरीला बटण नाही. तिची वायर सदा जिवंत. चार्जरच्या वायरीला एका टोकाला दोन उघड्या पिना असतात. ती वायर आधी बॅटरीला जोडली आणि पिना एकमेकींना लागल्या की ठिणगी उडालीच. मी स्वतः एकदा ही घाई केली. पिना जागीच चिकटल्या आणि बोटाला फोड आला. तेव्हापासून क्रम पाठ आहे. आधी वायर चार्जरला, मग बॅटरीला. काढताना उलटे. आधी बॅटरी, मग चार्जर.

जोड बदलायचा असेल तर दोन्ही वायरी एकदम कापू नये. कात्रीचे पाते लोखंडाचे असते, ते दोघींना जोडून देते. एक वायर कापावी, सोल्डर करावी, टेप गुंडाळावी. मग दुसरीला हात लावावा.

लालला लाल, काळ्याला काळी हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मग चूक कशी होते? जोड समोरून पाहिला तर लाल डावीकडे दिसते, मागून पाहिला तर उजवीकडे. माणूस इथे फसतो. शिवाय विकतच्या तयार वायरीत कधीकधी रंगच उलटे असतात. म्हणून रंगावर विसंबू नये. जोडावर कोरलेली + आणि − ही खूण वाचावी आणि मल्टीमीटर लावून पाहावा. लाल सळई + वर, काळी − वर. आकड्याच्या आधी वजाची खूण दिसली तर वायर उलटी आहे. दोन मिनिटांचे काम, पण आळस नडतो.

वेळ वाचवायला दोन बॅटऱ्या एकाच चार्जरला जोडणारेही आहेत. एक भरलेली आणि एक रिकामी असली तर भरलीतून रिकामीत वीज धो धो जाते. दोन सेलची आणि तीन सेलची तर कधीच एकत्र जोडू नये. नव्या माणसाने एका वेळी एकच लावावी.

चार्जरवर बॅटरीची जात आणि सेलची संख्या नीट निवडावी. बॅटरीवर २२०० लिहिले असेल तर २.२ अँपिअरवर भरावी. तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो, लागू द्यावा.

बॅटरी गोधडीवर किंवा कडब्याजवळ ठेवून भरू नये. उघडी फरशी बरी. शेजारी वाळूची बादली असावी आणि माणूस जागा असावा. बॅटरी फुगू लागली तर चार्जिंग बंद. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, टोचू नये, चुलीत टाकू नये. पेटलीच तर जमल्यास मेन स्विच पाडावा, माणसे बाहेर काढावीत. धूर विषारी असतो, त्यात थांबू नये.

तिसऱ्या दिवशी नातवाचा सोबती चार्जर घेऊन आला. अंगणातल्या फरशीवर बॅटरी ठेवली. आबा बाजेवर बसून राहिले. तासाभराने चार्जरच्या काचेवर तीन आकडे स्थिर झाले. आबांनी वाकून मोठ्याने वाचले, "४.२०, ४.२०, ४.१९."

"भरली, आबा."

"मग आधी बॅटरी काढ," आबा म्हणाले.