कासवाच्या पिल्लांचं घर

प्रश्न : आम्ही लंडनला असतो. मुलीसाठी हर्मन जातीची दोन पिल्लं येणार आहेत. काचेच्या टाकीत ठेवली तर चालेल का?

उत्तर : टाकीपेक्षा वरून उघडी लाकडी पेटी घ्या. काचेतून पलीकडचं दिसलं की पिल्लं तिथेच धडका देत राहतात. एका टोकाला दिव्याखाली ३२ ते ३५ अंश ऊब हवी, दुसरं टोक थंड राहू द्या. यूव्हीबी (अतिनील) किरणांचा दिवा हवाच! खिडकीतल्या उन्हावर विसंबू नका; काच ते किरण अडवते आणि कवच मऊ पडतं. तळाला माती आणि कोकोपीट चार बोटं, ओलसर. कोरड्यात वाढलेल्या पिल्लांच्या पाठीवर उंचवटे येतात, ते पुन्हा सपाट होत नाहीत. म्हणूनच रोज दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बसवा, पाणी हनुवटीच्या खाली. पिल्लू मान लांबवून पाणी पितं आणि बहुधा तिथेच शीही करतं. खायला डँडेलायनची पानं, वर कॅल्शियमची चिमूट; फळं नकोत.

दोघांतलं एक दुसऱ्याला सतत रेटत, चावत असेल तर लगेच वेगळं करा. विकणाऱ्याकडून आर्टिकल १० प्रमाणपत्र, म्हणजे या जातीच्या विक्रीचा कायदेशीर परवाना, मागून घ्या. आणि तुमचं पाहून भारतातल्या नातेवाइकांनी स्टार कासव आणायचं म्हटलं, तर त्यांना थांबवा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.