पाणी सर्वांचे

मंडळी, रोहिणखेड हे जुने गाव. बुलढाणा जिल्ह्यातले, घाटाच्या पायथ्याचे. १४३७ साली येथे मोठी लढाई झाली. पुढे १५९० च्या सुमारास दुसरी झाली. फौजा आल्या आणि गेल्या. गावातली जुनी दगडी मशीद सोळाव्या शतकातली आहे. ती अजून त्या काळाची आठवण देते.

त्या लढाया राज्यासाठी होत्या. आज आम्ही तुम्हांला दुसऱ्याच लढाईची गोष्ट सांगणार आहोत. ही लढाई ओंजळभर पाण्यासाठी झाली. तिच्यात तलवार नव्हती. ती रागाच्या भरात झाली नाही. काही तरुण माणसांनी विचार करून, हिशेब मांडून ती उभी केली. तिला मोहीम म्हणतात. मोहीम कशी उभी करावी, तेच या धड्यात पाहू.

तळे खुले, काठ बंद

कोकणात महाड नावाचे गाव आहे. तेथे चवदार तळे आहे. त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत. इतर धर्मांचे लोकही पाणी भरत. पण ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हणत, त्यांना मनाई होती. बाजाराला आलेला माणूस उन्हात तहानला, तरी त्याने तळ्याला हात लावायचा नाही!

१९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात एक ठराव मांडला. सरकारी पैशांवर चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे ठरवले. पण ते कागदावर. तळ्याच्या काठावर काहीच बदलले नाही. पाणी प्यायला जाण्याची कोणाची छाती होईना.

आता यातली खूण ध्यानात घ्या. कायदा झाला म्हणजे काम झाले, असे नसते. कायदा म्हणजे विहिरीवरचा रहाट. तो कोणीतरी ओढावा लागतो. तेव्हाच पाणी वर येते.

आधी जुळणी

महाडजवळच्या लाडवली गावात रामचंद्र बाबाजी मोरे नावाचा तरुण होता. त्याचा जन्म १९०३ चा. १९२७ साली तो चोवीस वर्षांचा होता. महाडात परिषद भरवावी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तिचे अध्यक्ष करावे, असे त्याने मनात घेतले. तो आणि त्याचे सोबती गावोगाव फिरले. बैठका घेतल्या. घरोघर निरोप दिले.

ते एकटे नव्हते. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे हे वरच्या मानल्या गेलेल्या जातींतले लोक. पण तेही सोबत उभे राहिले. हक्क ज्यांचा, पुढे तेच होते. बाकीच्यांनी खांदा दिला. चांगल्या मोहिमेची ही रीत आहे.

परिषद १९ आणि २० मार्च १९२७ ला भरली. हजारो माणसे आली. त्यांना प्यायला पाणी कोठून आणायचे? शेवटी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. जवळच भरलेले तळे, आणि पाणी मात्र पैशाने! दुसरे कोणतेही भाषण इतके बोलके झाले नसते.

एक ओंजळ

२० मार्चला सारे लोक रांगेने, शांतपणे तळ्याकडे निघाले. बाबासाहेब पुढे होते. त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. मग बाकीच्यांनी घेतले. बस, इतकेच. कोणाला शिवी नाही, कोणावर हात नाही.

थोड्या वेळाने गावात आवई उठली. "आता हे देवळात शिरणार!" ही गोष्ट खोटी होती. पण खोट्याला पाय फार. लाठ्या घेतलेला जमाव आला. जेवणाची तयारी करणाऱ्या, घराकडे परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. अन्न मातीत सांडले. पुष्कळांना मुसलमान शेजाऱ्यांनी आपल्या घरांत आसरा दिला, म्हणून ते वाचले.

मार खाल्लेले लोक चिडले होते. संख्येने ते थोडे नव्हते. पण बाबासाहेबांनी त्यांना आवरले. उलट हात उगारू दिला नाही. का बरे? कारण मारामारी झाली असती, तर लोक पाण्याचे विसरले असते आणि मारामारीचेच बोलत बसले असते.

पुढे काही लोकांनी तळे 'शुद्ध' करण्याचा विधी केला. नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा परिषद ठरली. मंडपाला कोणी जागा देईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. शेजारधर्म तो हाच.

या वेळी कोर्टाचा मनाई हुकूम आला. सत्याग्रह तहकूब केला आणि भांडण कोर्टात नेले. दिवस गेले, वर्षे गेली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. तळ्याचे पाणी घेण्याचा हक्क मान्य झाला. ओंजळ उचलायला एक क्षण लागला. ती टिकवायला दहा वर्षे लागली!

एक गाव, एक पाणवठा

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. २६ जानेवारी १९५० पासून आपली राज्यघटना लागू झाली. तिच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. १५ व्या कलमात तर विहिरी, तळी, घाट, रस्ते यांची नावेच घातली आहेत. १९५५ साली त्यासाठी वेगळा कायदा झाला.

तरी १९७२ च्या दुष्काळाच्या काळात काय दिसले? पुष्कळ गावांत पाणवठे अजून वेगळेच होते. पुण्याचे डॉ. बाबा आढाव यांनी मग मोहीम काढली. तिचे नाव 'एक गाव, एक पाणवठा'. चार शब्दांचे नाव. न शिकलेल्या म्हाताऱ्या आजीलाही ते पाठ होईल. तरुण कार्यकर्ते गावांत गेले. आधी पाहणी केली. कोणती विहीर कोणाची? कोण दुरून पाणी आणते? कोणाला दुसऱ्याने वाढल्याशिवाय पाणी मिळत नाही? मग गावकऱ्यांशी बोलले. मग सर्वांना घेऊन पाणवठ्यावर गेले.

खरी कसोटी

आता सर्वांत महत्त्वाचे. कार्यकर्ते सायंकाळच्या गाडीने परत जातात. विहिरीवर घागर भरलेली बाई मात्र गावातच राहते. उद्या तिला मजुरी मिळाली नाही तर? दुकानदाराने मीठमिरची दिली नाही तर? दळण दळून दिले नाही तर? धोका तिचा आहे. म्हणून आम्ही म्हणतो, मोहिमेचे काम चार पायऱ्यांचे आहे. पाहणी, जुळणी, कृती आणि पाठराखण. पहिल्या तीन केल्या आणि चौथी सोडली, तर आपण त्या बाईला विहिरीत उतरवून दोर कापला असे होईल.

पाठराखणीला कायद्याचा आधार आहे. सार्वजनिक पाण्यावर अस्पृश्यतेच्या कारणाने कोणाला अडवले, तर एक ते सहा महिने कैद आणि दंड होतो. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ पासून लागू आहे. कोणाला वाळीत टाकले, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही माहिती पाठ करून ठेवा. दुसऱ्यालाही वाचून दाखवा.

आपण काय करावे?

कोणी म्हणेल, "कायले उगाच झगडा उकरता भाऊ? आता नळ आले, हापसे आले." चांगले झाले. पण नळ कोणत्या वस्तीत आधी आला? पाणी कमी पडले की कोणाची बारी चुकते? लग्नाच्या पंगतीत कोणाला वेगळे बसवतात? कोणत्या धर्माच्या शेजाऱ्याबद्दल आवई उठली की आपण न विचारता खरी मानतो?

गावातल्या पाचदहा तरुण मुलामुलींनी एक वही घ्यावी. सात दिवस गावात फिरावे. डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच लिहावे, ऐकीव लिहू नये. ज्यांना त्रास होतो त्यांना आधी विचारावे, "मावशी, काय व्हावे असे वाटते?" मग एकच काम निवडावे. लहान असले तरी चालेल. सर्व वस्त्यांतली, सर्व धर्मांची माणसे सोबत घ्यावी. आणि काम झाल्यावर महिनाभर रोज त्या घरी जाऊन यावे. "कसे चालले?" एवढे विचारले तरी त्या घराला बळ येते.

तुम्ही आता वाचायला शिकलात. वही तुमच्याच हाती शोभेल.

विचार करा आणि सांगा

१. महाडचे तळे कागदावर खुले झाले, तरी लोक पाणी का घेत नव्हते?
२. मार बसूनही बाबासाहेबांनी लोकांना का आवरले?
३. फत्तेखान यांनी काय मदत केली?
४. मोहिमेच्या चार पायऱ्या कोणत्या? त्यांतली कोणती आपण बहुधा विसरतो?
५. आपल्या गावातल्या पाणवठ्यांची यादी करा. प्रत्येक ठिकाणी कोण पाणी भरते, ते स्वतः पाहून लिहा.