आतड्याचे अस्तर आणि जिवाणू : एकमेकांच्या आधाराने

जंतू म्हणजे आजार, असे आपल्या मनात पक्के बसले आहे. ते अर्धेच खरे आहे. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात आणि त्यांतले बरेचसे आपल्या उपयोगाचे असतात. पावसाळ्यात वस्तीत जुलाब सुरू झाले की घरोघरी मेडिकलमधून गोळ्या आणल्या जातात. त्या गोळ्यांनी नेमके काय होते, हे कळण्यासाठी आतडे आणि जिवाणू यांचे नाते आपण आधी समजून घेऊ.

एका पेशीची भिंत

आतड्याच्या आतल्या बाजूचे अस्तर फक्त एका पेशीच्या थराचे असते. अन्नरस रक्तात जाऊ द्यायचा आणि जंतूंना अडवायचे, अशी दोन्ही कामे ही पातळ भिंत करते. तिची सतत झीज होते, म्हणून साधारण ३ ते ५ दिवसांत तिच्या पेशी नव्याने तयार होतात. अस्तरातल्या काही पेशी बुळबुळीत थर सोडतात. मोठ्या आतड्यात हा थर दुपदरी असतो. आतल्या पदरात जिवाणू जवळजवळ नसतात. बाहेरच्या पदरात ते राहतात.

दोघांची देवाणघेवाण

भाकरी, डाळ, पालेभाजी यांतला चोथा आपल्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचा पदार्थ तयार होतो. मोठ्या आतड्याच्या अस्तराला लागणाऱ्या शक्तीपैकी सुमारे ७० टक्के शक्ती याच पदार्थातून मिळते.

अस्तरही परतफेड करते. ब्युटिरेट जाळताना त्याच्या पेशी ऑक्सिजन वापरून टाकतात, त्यामुळे आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन फार थोडा उरतो. चोथा आंबवणाऱ्या जिवाणूंना अशीच जागा लागते. साल्मोनेलासारखे रोगजंतू मात्र ऑक्सिजन मिळाला की जोमाने वाढतात. म्हणजे जिवाणू अस्तराला पोसतात आणि अस्तर जिवाणूंचे घर राखते.

हे नाते कुठे तुटते?

विनाकारण घेतलेल्या अँटिबायोटिकने रोगजंतूंबरोबर उपयोगी जिवाणूही मरतात. ब्युटिरेट कमी पडते, ऑक्सिजन उरतो आणि रोगजंतूंना वाट मोकळी होते. लहान मुलांचे बरेच जुलाब विषाणूंमुळे होतात. त्यांवर अँटिबायोटिक चालतच नाही.

दुसरे कारण दूषित पाणी. पोटात वारंवार जंतू गेले की लहान आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे बारीक उंचवटे आखूड होतात. मग मूल जेवते, पण अंगी लागत नाही. अशा वेळी आईला बोल लावू नये. नळाची पाइपलाइन गटारातून जात असेल, तर ती बदलून घेण्यासाठी वस्तीने एकत्र येऊन अर्ज-पाठपुरावा करणे हासुद्धा आरोग्याचाच उपाय आहे.

घरी एवढे करूया

• ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, चवळी, हरभरा, पालेभाजी रोजच्या जेवणात असू द्या. पीठ चाळून कोंडा टाकू नका. सवय नसेल तर प्रमाण हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगते.
• बाळाला पहिले ६ महिने फक्त अंगावरचे दूध द्या. उपयोगी जिवाणूंना पोसणारी शर्करा त्यात असते.
• जुलाब लागताच ओआरएस सुरू करा. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात ते मिसळा. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्या. बाळाचे दूध आणि मुलाचे जेवण बंद करू नका.
• मुलांना ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस देतात. अस्तर भरून यायला त्यांची मदत होते. वयाप्रमाणे मात्रा आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारा.
• शौचात रक्त, जोराचा ताप, खोल गेलेले डोळे, सुस्ती किंवा पाणीही न पिणे, यांपैकी काही दिसले तर लगेच दवाखाना गाठा. तिथे डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले, तर ते सांगितले तितके दिवस पूर्ण घ्या.

मेडिकलमध्ये जाऊन नुसती "जुलाबाची गोळी द्या" म्हणण्याआधी ही एका पेशीची भिंत आठवा, आणि शेजारच्या घरीही हे सांगा.